मदत हवी आहे: दिल्ली एम्सचा नंबर लवकर कसा लागेल?

लष्करवाला
ग्वाल्हेरहून लिहितोय. आत्याला दिल्लीच्या एम्समध्ये दाखवायचंय. ऑनलाइन बघितलं तर जवळची तारीखच मिळत नाही. इथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितल्यापासून घरात सगळे हादरलेत. कुणाची ओळख असेल तर सांगा. 'भोपाळ का नको' हे कृपया विचारू नका, ते बोलून झालंय.

चष्मिष्ट
अहो, कुठला विभाग? तिथे डोळ्यांचं आर. पी. सेंटर वेगळं, हृदय-मेंदूचं वेगळं, कॅन्सरचं वेगळं. आजार काय ते लिहा की.

लष्करवाला
डोक्यात गाठ आहे. न्यूरोचा नंबर पाहिजे, आणखी काय!

चष्मिष्ट
न्यूरोलॉजी (औषधांची) की न्यूरोसर्जरी (ऑपरेशनची)? ओआरएस, म्हणजे ऑनलाइन नंबर लावायच्या पोर्टलवर दोन्ही वेगवेगळे आहेत. चुकीचा पर्चा काढलात तर अख्खा दिवस वाया.

तलावाकाठी
नको म्हणालात तरी विचारतोच, भोपाळ का नको? तिथलं एम्स 2012 पासून सुरू आहे. राणी कमलापती स्टेशनला उतरलं की साकेत नगर जवळच. सासऱ्यांच्या मणक्याचं तिथेच झालं, दिल्लीची धक्काबुक्की नाही.

जनकगंजकर
मणका कुठे, डोक्यातली गाठ कुठे! आणि भोपाळच्या आधी आपलं जयारोग्य आहे ना? 1899 चं रुग्णालय, आता सुपर स्पेशालिटीची वेगळी इमारतही आहे. आपल्या लोकांना दिल्लीचा शिक्का लागल्याशिवाय आजार खरा वाटत नाही.

तलावाकाठी
जयारोग्यात पार्किंग मिळालं तर कळवा.

शुभंकर७०
आयुष्मान वयवंदना कार्ड काढा. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार.

लष्करवाला
आत्या 44 वर्षांची आहे हो!

निवृत्त_सिस्टर
भांडणं बाजूला ठेवा. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये शेवटी 'इम्प्रेशन' म्हणजे निष्कर्ष असतो, ते जसंच्या तसं टाका. रक्ताच्या कुठल्या तपासण्या झाल्या तेही लिहा.

लष्करवाला
पिट्युटरी मॅक्रोअडेनोमा, 14 मिमी. रक्तात फक्त शुगर आणि सीबीसी.

निवृत्त_सिस्टर
म्हणजे पिट्युटरी ग्रंथीची गाठ. प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासलं नाही? पाळी कशी आहे? बाजूचं कमी दिसतं का, येता-जाता दाराला धडकतात का?

लष्करवाला
पाळी दोनेक वर्षं बंद आहे, वयाचं असेल असं वाटलं. धडकते खरी, आम्ही हसायचो. पण याचा नंबरशी काय संबंध?

निवृत्त_सिस्टर
सगळा संबंध आहे. पाळी बंद होणं आणि धडकणं, दोन्ही या गाठीमुळे असू शकतं. ही गाठ प्रोलॅक्टिन बनवणारी असली तर बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच लहान होते, ऑपरेशनची वेळ सहसा येत नाही. तशी नसली आणि डोळ्याची नस दाबत असली तर काढावी लागते, तीही बहुधा नाकातून, कवटी न उघडता. मात्र प्रोलॅक्टिनचा आकडा घरी वाचत बसू नका. मोठी गाठ पिट्युटरीच्या देठावर दाब देते म्हणूनही तो थोडा वाढतो. हा फरक एंडोक्राइनवाले, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, ओळखतात. एम्ससारख्या ठिकाणी जायचं ते यासाठीच: एंडोक्राइन, न्यूरोसर्जरी आणि डोळ्यांचे डॉक्टर एकाच आवारात भेटतात. प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल, थायरॉइड आणि डोळ्यांची पेरिमेट्री (बाजूचं किती दिसतं याची तपासणी) ग्वाल्हेरलाच करून घ्या. ओआरएसवर न्यूरोसर्जरीबरोबर एंडोक्राइनच्या तारखाही बघा. आणि अचानक डोकं फुटल्यासारखं दुखलं, उलट्या झाल्या किंवा दिसेनासं झालं, तर नंबरबिंबर विसरा. जवळच्या मोठ्या रुग्णालयात थेट कॅज्युअल्टी.

जनकगंजकर
म्हणजे सुरुवात ग्वाल्हेरलाच. मी काय वेगळं म्हणत होतो?

चष्मिष्ट
तुम्ही इमारतीचं वय सांगत होतात.

गाडीवाला_भाऊ
दिल्लीला जायचं तर गतिमान एक्सप्रेस. संध्याकाळी निजामुद्दीनला उतरवते, एम्स तिथून फार लांब नाही. रात्री मुक्काम, सकाळी रांगेत.

लष्करवाला
ताई, लॅबचा माणूस उद्या सकाळी घरी येतोय. एमआरआय सेंटरवाला म्हणतो फिल्म दिली आहे, सीडी कशाला?

निवृत्त_सिस्टर
मागून घ्या, तुमचाच तपास आहे. तिथले डॉक्टर गाठ स्वतः स्क्रीनवर बघतात, फिल्मवर सगळे काप नसतात. आणि घरी आणल्यावर उघडून बघा, रिकामी सीडी देणारेही असतात.