मदत हवी आहे: कासवांच्या घरट्यातलं तापमान कसं मोजू?

नमस्कार मंडळी,
प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रकल्पाला ऑलिव्ह रिडले कासवं घ्यायचीत. कॉलेज घाटावर, किनाऱ्यावर काम केलेलं ओळखीत कोणी नाही, म्हणून इथे विचारतेय.

रत्नागिरीतल्या वेळास, आंजर्ले भागात कुत्री-कोल्ह्यांपासून वाचवायला अंडी मूळ खड्ड्यातून काढून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत पुरतात. वेळासला हे काम २००२ पासून चालू आहे आणि त्याबद्दल तक्रार नाहीच, नाहीतर पिल्लं समुद्रात पोचलीच नसती. पण कासवात नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. ऊब जास्त असली की माद्या, कमी असली की नर. मग जागा बदलल्याने हे गणित बदलतं का, एवढंच मला बघायचंय.

पिल्लू बाहेरून बघून नर-मादी कळत नाही, आणि पिल्लू मारून बघणं हा विषयच नको. म्हणून फक्त डेटा लॉगरने, म्हणजे आपोआप नोंदी ठेवणाऱ्या छोट्या यंत्राने, तापमान नोंदवेन. पण तुलनेला न हलवलेलं घरटं आणू कुठून? एखादं तसंच राहू द्या, असं कासवमित्रांना, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांना, सांगायला माझी जीभ रेटणार नाही. परवानगी कोणाकडे मागायची? सर म्हणतात, वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन ये. आणि एकटीची राहायची सोय होईल का? कासव महोत्सवाच्या गर्दीत नाही, त्याआधी.

प्रतिसाद:
परवानगीचं आधी बघ. हा वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी. रेंज ऑफिसरांना भेटच, त्यांच्याशिवाय काही हलत नाही, पण संशोधनाची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांची, म्हणजे नागपूरची. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा अर्ज आत्ताच टाक.

तुलनेसाठी अंडी लागतातच कशाला? मूळ खड्डा सापडला तिथेच, तेवढ्याच खोलीवर, म्हणजे साधारण दीड फुटावर, नुसत्या वाळूत लॉगर पुर. हॅचरीतही एक असाच मोकळ्या वाळूत ठेव. अंड्यांची स्वतःची ऊब यात येणार नाही, पण ती शेवटीशेवटी वाढते. लिंग ठरतं ते त्याआधी, अंडी उबायच्या ४५-६० दिवसांतल्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. घरट्यात लॉगर ठेवायचाच असेल तर अंडी पुरतानाच. नंतर अजिबात उकरू नकोस, कवचाला चिकटलेला गर्भ अंडं फिरलं की मरतो. लॉगरला दोरी बांध, उधाणात वाळू कुठच्या कुठे जाते.

वेळासला घरगुती सोय आहे. गावात विचार, एकट्या मुली राहतात.