मदत हवी आहे: पाण्यातलं शिसं जातंय कुठे?

उरलेला_थेंब
सोमवारी सरांना आकडे द्यायचेत आणि तीन दिवस झाले, स्पाइकची (मुद्दाम घातलेल्या शिशाची) रिकव्हरी ४५ टक्क्यांच्या वर सरकत नाही. पाण्यातलं शिसं मोजतेय. १० पीपीबी (मायक्रोग्रॅम प्रति लिटर) घातलं की साडेचार परत मिळतं. कॅलिब्रेशनची रेघ झकास सरळ, ०.९९९. मग चुकतंय कुठे? कृपया "पुन्हा करून बघा" सांगू नका, सतरा वेळा करून झालंय.

जुनी_भट्टी
यंत्र कोणतं? फ्लेम (ज्योतीवर मोजणारं) असेल तर १० पीपीबी दिसणारच नाही.

उरलेला_थेंब
फ्लेमवर १० पीपीबी कोण मोजायला जाईल? ग्राफाइट फर्नेसच (थेंबभर नमुना तापवणारी छोटी भट्टी). २८३.३ नॅनोमीटर.

जुनी_भट्टी
लिहिलं नाहीत म्हणून विचारलं. आता हेही सांगा: पाणी कसलं, आम्ल कुठलं, बाटली कसली, ॲशिंगचं (मोजणीआधी नमुना भाजण्याचं) तापमान, मॉडिफायर (भाजताना शिसं धरून ठेवणारं रसायन)?

आर्गॉनप्रेमी
फर्नेसवर वेळ का घालवताय? आयसीपी-एमएसवर (अणू वस्तुमानाने मोजणारं यंत्र) द्या. शिशाच्या २०६, २०७, २०८ तिन्ही समस्थानिकांची बेरीज घ्या, सोबत कॅडमियम, आर्सेनिकही मिळेल. अर्ध्या तासात मोकळ्या व्हाल.

उरलेला_थेंब
आमच्याकडे असतं तर इथे आले असते का?

डायथायझोन_काका
आमच्या वेळी यातलं काहीही नव्हतं. शिशाशी रंग देणारं डायथायझोन, क्लोरोफॉर्म आणि सेपरेटिंग फनेल. लालबुंद रंग आला की ५१० नॅनोमीटरवर वाचायचं. शिसं कुठे जाण्याचा प्रश्नच नसे, डोळ्यांसमोर असायचं.

जुनी_भट्टी
काका, त्यात सायनाइडही असायचं, ते सांगायचं राहिलं.

डायथायझोन_काका
असायचं. म्हणून तर माणसं जपून काम करायची.

बिस्मथ
स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री करा, धातू इलेक्ट्रोडवर जमवायचा आणि विजेने सोडवताना मोजायचा. बिस्मथ फिल्मचा इलेक्ट्रोड, दोन मिनिटं डिपॉझिशन, शिसं आणि कॅडमियमचे पीक वेगवेगळे. पाणी खारट असलं तरी चालतं, उलट मीठच इलेक्ट्रोलाइट होतं.

जुनी_भट्टी
चालतं, पण सेंद्रिय पदार्थांना चिकटलेलं शिसं तिथे दिसत नाही. आधी यूव्ही डायजेशन (अतिनील प्रकाशाने ते पदार्थ तोडणं) करावं लागतं. ते तुम्ही कधीच सांगत नाही. मागच्या धाग्यावरही सांगितलं नव्हतं.

बिस्मथ
मागच्या धाग्यावर तुम्ही ऐकून घेतलंत कुठे?

नळाखालचा
माफ करा, मध्येच विचारतो. माझ्या टीडीएस मीटरवर ९० दाखवतंय. म्हणजे शिसं नाही ना?

आर्गॉनप्रेमी
त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिशाची मर्यादा १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर, म्हणजे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. तुमचा मीटर पूर्ण मिलिग्रॅमच्या खाली बोलतच नाही. आणि पाणी उकळूनही धातू जात नाहीत, पाणी आटलं की उलट दाट होतात.

उरलेला_थेंब
उत्तरं: पाणी विहिरीचं, जरा मचूळ. घातलंय नायट्रिकच, पण दुसऱ्या दिवशी, कारण त्या दिवशी संपलं होतं. बाटली काचेची. ॲशिंग ८५०, लॅबमधल्या जुन्या मेथडमध्ये तेवढंच आहे. मॉडिफायर संपलाय, म्हणून वगळला.

जुनी_भट्टी
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. ८५० हे मॉडिफायर असतानाचं तापमान आहे, फॉस्फेट शिशाला धरून ठेवतं म्हणून चालतं. त्याच्याशिवाय शिसं ॲशिंगमध्येच उडतं. वर पाणी मचूळ. क्लोराइडसोबत ते आणखी लवकर जातं, लेड क्लोराइड फार बाष्पशील.

उरलेला_थेंब
मग ०.९९९ कसं आलं?

जुनी_भट्टी
स्टँडर्डमधलंही (कॅलिब्रेशनच्या द्रावणांतलं) उडतंय, पण प्रत्येकातून सारख्या प्रमाणात, म्हणून रेघ सरळ. रेघेचा चढ बघा. जुन्या नोंदवहीतल्या चढाशी ताडून पाहा.

पांढरी_बाटली
मला वाटतं दोष बाटलीचाच. आम्ल न घातलेल्या पाण्यातलं शिसं रात्रभरात काचेला चिकटतं. एचडीपीई प्लास्टिकची, दहा टक्के नायट्रिकमध्ये भिजवून धुतलेली बाटली, आणि आम्ल तिथल्या तिथे, पीएच २ च्या खाली. यंत्राच्या मागे लागण्याआधी हे.

जुनी_भट्टी
बाटलीने एवढं जात नाही हो.

पांढरी_बाटली
तुमचं म्हणणं तुमच्याकडे. उ. थेंब, वाद नको, एक चाचणी करा. आम्ल घातलेलं पाणी सरळ ऑटोसॅम्पलरच्या कपात घ्या आणि तिथेच स्पाइक करा. तरीही कमी आलं तर फर्नेस, पूर्ण आलं तर बाटली.

क्लीनरूम_स्वप्न
यावरून आठवलं. क्लेअर पॅटरसन पृथ्वीचं वय काढायला उल्कापाषाणातलं शिसं मोजत होता आणि त्याला हवेत, भांड्यांत, सगळीकडे शिसंच सापडायचं. शेवटी त्याने धूळ न येणारी खोली उभारली. १९५६ मध्ये ४.५५ अब्ज वर्षांचा आकडा छापला आणि नंतर पेट्रोलमधल्या शिशाच्या मागे लागला. अजून बरंच आहे, लिहू का?

डायथायझोन_काका
वेगळा धागा काढा, मी येतो वाचायला.

उरलेला_थेंब
कपातला स्पाइक: ५२. बाटलीतला: ४५. जुन्या नोंदवहीत चढ जवळपास दुप्पट आहे.

जुनी_भट्टी
म्हणजे मोठा वाटा भट्टीचा.

पांढरी_बाटली
आणि सात टक्के बाटलीचे. नोंद असावी.

उरलेला_थेंब
शेजारच्या लॅबमधून अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट मागून आणलं. क्लोराइड घालवायला सोबत अमोनियम नायट्रेट. रिकव्हरी ९३!! पण आता ब्लँकमध्येच (शिसं न घातलेल्या कोऱ्या नमुन्यात) २ पीपीबी दिसतंय. रडू की हसू?

जुनी_भट्टी
फॉस्फेटमध्येच शिसं असणार, साध्या ग्रेडमध्ये असतं. नुसता मॉडिफायर मारून बघा, पाण्याशिवाय.

उरलेला_थेंब
बाटलीवर ग्रेड नाही, उघडल्याची तारीख नाही, फक्त मार्करने "नको" लिहिलंय. आत्ता वाचलं.

पांढरी_बाटली
😂

उरलेला_थेंब
शुद्ध ग्रेडची मिळाली. ब्लँक ०.२, रिकव्हरी ९१. सोमवारचं भागलं, सगळ्यांचे आभार, काकांचेही. आता कॅडमियम लावलंय आणि पीकला दोन शेंडे येतायत. इथेच विचारू की नवीन धागा?

जुनी_भट्टी
नवीन काढा. आणि पाणी, आम्ल, बाटली, मॉडिफायर पहिल्याच ओळीत लिहा.