रेती-कोळशाचा फिल्टर: पुरात कामाचा, की नुसतं मनाचं समाधान?

काठावरचा (भद्रावती तालुका)
जुलै २०२२ चा वर्धेचा पूर आमच्या गावानं पाहिला. डीपी पाण्यात, नळाची मोटर बंद, हापशी बुडालेली. चार दिवस विहिरीचं चहासारखं पाणी फडक्यानं गाळून प्यालो. तेव्हापासून डोक्यात होतं, यंदा फिल्टर बनवलाच.

२० लिटरचा जुना जार घेतला, बूड कापलं, तोंडाला सुती फडकं बांधून लोखंडी स्टँडवर उलटा ठेवला. आत खाली गिट्टी चार बोटं, त्यावर जाडी रेती, मग कुटलेला लाकडी कोळसा, आणि सगळ्यात वर वीतभर बारीक रेती. रेती धुता धुता जीव गेला. अकराव्या घमेल्याला पाणी साफ निघालं. पहिल्या दोन बकेटी कोळशानं काळ्या आल्या, त्या फेकल्या. आता एक गुंड भरायला दीड तास लागतो, पण गुंडाचं बूड लख्ख दिसतं. माझं म्हणणं, मृगाच्या आधी घरोघरी हा तयार पाहिजे. पटत नसेल त्यानं बोलावं.

पावडरवाला
भाऊ, मेहनतीला मानलं. पण गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, टाकायचं काम माझ्याकडं आहे, म्हणून सांगतो, बूड दिसणं ही काही परीक्षा नाही. हगवणीचा जंतू दिसत नाही, काविळीचा विषाणू तर त्याहून कितीतरी बारीक. रेती काही अडवेल, काही सोडेल. आणि चुलीतला कोळसा म्हणजे बाजारातल्या फिल्टरमधला कोळसा नव्हे. तो खास प्रक्रिया करून बनवतात. आपला थोडा वास ओढतो, बस.

काठावरचा
मग पुरात प्यावं काय?

मेळघाटची_आशा
जुलै २०२२ मध्येच आमच्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी-कोयलारीला पटकी (कॉलरा) पसरली. नळयोजनेची वीज तोडलेली होती, लोक उघड्या विहिरीचं पाणी प्याले. माणसं गेली त्यात. मला तुमच्या फिल्टरची भीती नाही. फिल्टर आला की बाई पाण्यात क्लोरीनची गोळी टाकायचं सोडते, त्याची भीती आहे. मागच्या पावसाळ्यात एका घरी विचारलं, तर म्हणाली, "आता कायले टाकू? पाणी त काचेवानी हाये, अन् गोळीचा वास येते." त्याच घरात दोन लेकरं जुलाबानं पडली होती. असा फिल्टर गावोगावी सांगत फिरण्याच्या मी विरोधात आहे.

डोबाडातला
ताई, तुमची गोळी पोहचते कवा? पूर उतरल्यावर! उकळून प्या म्हनतात, त एक दिवस ओल्या काड्यायवर पाच मान्सायचं पानी उकळून दाखवा. आमची आजी गुंडात निवळीचं बी घासे अन् वरून लुगड्याच्या घडीतून पानी गाळे. कोनी मेलं नाही आमच्या घरी.

मेळघाटची_आशा
जे मेले ते सांगायला येत नाहीत, दादा.

मास्तरीणबाई_वरोरा
लुगडं हसण्यावारी नेऊ नका. बांगलादेशात अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांच्या चमूनं जुन्या साडीच्या किमान चार घड्यांतून पाणी गाळायला लावलं. २००३ साली निष्कर्ष छापून आले, पटकीचे रोगी जवळपास निम्म्यानं घटले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव घडीत अडकतात. साडी जुनीच हवी, धुऊन धुऊन तिची वीण दाटते. पण निम्मे वाचले म्हणजे निम्मे राहिलेच ना?

जाराबद्दल एक. रेतीच्या फिल्टरचं खरं काम वरच्या थरात वाढणारा जिवंत पापुद्रा करतो. तो धरायला दोन-तीन आठवडे लागतात, रेतीवर सतत दोन-तीन बोटं पाणी लागतं आणि रोज नवं पाणी ओतावं लागतं. तुमच्या जारातलं पाणी तर बुडापर्यंत निथळून जातं, पापुद्रा वाळून मरणार. पूर आल्यावर माळ्यावरून काढलेला फिल्टर म्हणजे नुसती चाळणी.

खारपाण_अकोट
आमच्याकडं पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर तुमची रेती शून्य कामाची. विरघळलेलं मीठ रेतीत अडकत नाही. यवतमाळकडच्या बोअरमधल्या फ्लोराइडचंही तेच. दिसत नाही, वास नाही, दात पिवळे पडल्यावर कळतं. उगाच कोणी 'फिल्टर केलेलं' म्हणून पाजू नका. आम्ही छताचं पावसाचं पाणी धरतो, पहिला पाऊस सोडून.

डोबाडातला
पुराच्या गोठीत फ्लोराइड कुठून आनलं बाप्पा?

पावडरवाला
काल मुद्दाम करून पाहिलं. नाल्याचं गढूळ पाणी एका बकेटीत, तेच पाणी भाऊसारख्या जारातून गाळून दुसऱ्या बकेटीत. दोन्हीत सारखंच क्लोरीन. अर्ध्या तासानं ओटी टेस्ट केली, म्हणजे औषधाचे थेंब टाकून क्लोरीन उरलं का ते पाहिलं; उरलं तर पाणी पिवळं होतं. गढुळात रंगच आला नाही, सगळं क्लोरीन गाळानं खाल्लं. गाळलेल्यात फिकी पिवळी छटा आली. म्हणून मी माझं पहिलं बोलणं थोडं मागं घेतो: जार पाहिजे, पण पावडरीच्या आधीची पायरी म्हणून.

माप असं: ५ ग्रॅम टीसीएल १ लिटर पाण्यात घोळा, निवळू द्या. वरचं नितळ २० मिली, २० लिटरच्या बकेटीला. अर्धा तास थांबा, मगच प्या. पाणी तरीही गढूळ वाटलं तर दुप्पट. पावडर सर्दावलेली नको, तिच्यातला दम गेलेला असतो.

मेळघाटची_आशा
हे चालेल. पण सांगताना दोन्ही सोबत सांगा. नुसत्या जाराचा फोटो पुढं पाठवू नका.

काठावरचा
नुसता फोटो तीन ग्रुपवर आधीच टाकून बसलो. आता पावडरीचं मापही टाकतो. जारावर मार्करनं 'गोळी टाकली का?' लिहिलं आहे. आई म्हणते, वास येतो, मी नाही पिणार. तिच्यासाठी काय करू?

डोबाडातला
माठात रातभर फडक्याखाली ठेवा, वास उतरते. पन आधी मले सांगा, पावडर भेटन कुठं? आमच्या पंचायतीत मागतली त म्हने, गाडी आली नाही.