निर्लेखन म्हणजे माफी नव्हे: थकलेल्या कर्जाचे शब्द

'बँकांनी बड्या उद्योगांची हजारो कोटींची कर्जे माफ केली' अशा अर्थाचे मथळे दरवर्षी येतात. बातमी उघडून आत वाचलं की आकडा निघतो तो निर्लेखित कर्जांचा. माफी आणि निर्लेखन यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते पुसलं गेलं की वाचणाऱ्याचा राग भलत्याच ठिकाणी जातो. म्हणून हा शब्द आधी नीट पाहू.

माफी म्हणजे धनकोने आपलं येणं सोडून देणं. त्यानंतर ऋणकोकडे मागायला काही उरत नाही. निर्लेखनात येणं तसंच राहतं, फक्त बँक ते आपल्या ताळेबंदात दाखवत नाही.

समजा, एका दुकानदाराकडे बँकेचे १० लाख येणे आहेत, गाळा तारण आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक ठरतं. त्या दिवसापासून बँकेला त्या खात्याचं व्याज, हातात पडल्याशिवाय, उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. शिवाय होऊ घातलेल्या नुकसानीसाठी नफ्यातून काही रक्कम बाजूला काढावी लागते. हिला तरतूद म्हणतात. खातं जितकं जुनं होत जातं तितकी तरतूद वाढत जाते आणि शेवटी १० लाखांच्या कर्जासमोर १० लाखांची तरतूद उभी राहते. आता वहीत त्या कर्जाची निव्वळ किंमत शून्य. मग बँक दोन्हीकडच्या नोंदी काढून टाकते. हे झालं निर्लेखन. बँकेचं नुकसान त्या दिवशी होत नाही, ते आधीच्या वर्षांच्या नफ्यातून वळतं झालेलं असतं.

दुकानदाराची मात्र सुटका झालेली नसते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) त्याला ६० दिवसांची मागणी नोटीस येऊ शकते, गाळ्याचा ताबा घेतला जाऊ शकतो, लिलाव होऊ शकतो. वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत 'सांकेतिक ताबा' (म्हणजे प्रत्यक्ष नव्हे, कागदोपत्री घेतलेला ताबा) अशा नोटिसा छापून येतात त्या याच वाटेवरच्या. निर्लेखनानंतर जे वसूल होईल ते बँकेच्या उत्पन्नात जमा होतं. अर्थात निर्लेखित कर्जांपैकी वसूल किती झालं, हा प्रश्न विचारायलाच हवा, कडक शब्दांत विचारायला हवा. पण 'माफ का केलं' असं विचारलं तर बँकेला 'माफ केलेलंच नाही' एवढं सांगून सुटता येतं, आणि खरा प्रश्न बाजूलाच राहतो.

'निर्लेखन' हा शब्द सामान्य वाचकाला कळत नाही, ही तक्रार मला मान्य आहे. मथळ्यात 'ताळेबंदातून काढलेली कर्जे' असं लिहावं. 'बुडीत खाती टाकलेली' हेही चालेल, बोलण्यात आहेच. 'माफ' मात्र लिहू नये.

'तरतूद' या शब्दाशीही थोडं थांबायला हवं. अर्थसंकल्पात रस्त्यासाठी तरतूद झाली म्हणजे खर्चाला पैसे ठेवले. बँकेने तरतूद केली म्हणजे पैसे येणार नाहीत असं धरून नफा कमी दाखवला. तसंच 'अनुत्पादक'. कर्ज काढून खोदलेल्या विहिरीवर शेत पिकत असेल, तरी हप्ते थकले तर खातं अनुत्पादकच. तिथे उत्पादन बँकेचं मोजलेलं आहे, शेताचं नाही. (पीककर्जाला ९० दिवसांचा नियम नाही, तिथे पीकहंगाम मोजतात.)

आता शेतकऱ्यांची कर्जमाफी. इथे बँक काहीच सोडत नाही, तिचे पैसे सरकार आपल्या तिजोरीतून भरतं. २००८ च्या केंद्राच्या योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण माफी होती, बाकीच्यांनी ७५ टक्के भरले तर २५ टक्के सवलत. महाराष्ट्रात २०१७ च्या योजनेत दीड लाखाची मर्यादा होती, २०१९ च्या योजनेत दोन लाखांची. २०१९ च्या या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' हा शब्द आहे आणि मला तोच अधिक बरोबर वाटतो. 'माफी' म्हटलं की शेतकऱ्याने काही गुन्हा केल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद: उत्तम लिहिलंत. एक विचारतो. आमच्या गावात पतसंस्थेच्या कर्जाला सह्या देणाऱ्यांना 'साक्षीदार' म्हणतात. नुसतं ओळखतो म्हणून सही केली तर वसुली त्याच्याकडून कशी होते?

उत्तर: दादा, हाच शब्द लोकांना बुडवतो. कर्जरोख्यावर ती सही साक्षीदाराची नसते, जामीनदाराची असते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. आधी कर्जदाराकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय सहसा राहत नाही. सहकारी पतसंस्था तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला दोघांच्याही नावाने मिळवते आणि पगारातून कपात सुरू होऊ शकते. कोणी 'नुसती साक्षीदाराची सही हवी' म्हणालं तर सहीच्या जागेखाली काय छापलंय ते वाचावं. गावातही स्पष्ट 'जामीन राहिलो' असंच म्हणावं, जुना शब्दप्रयोग आहे आणि त्यात जबाबदारीचं वजन आहे.

प्रतिसाद: एकरकमी परतफेड केली की कर्ज बेबाक झालं म्हणायचं का?

उत्तर: बेबाक म्हणजे बाकी उरली नाही ते. (हिंदीतला 'निर्भीड' अर्थाचा बेबाक वेगळा.) एकरकमी योजनेत बँक ठरलेली कमी रक्कम घेऊन उरलेल्यावर पाणी सोडते, म्हणून ही तडजोड. बँकेचा दावा संपतो, पण पतअहवालात (सिबिलसारख्या संस्थांकडच्या परतफेडीच्या नोंदीत) खातं 'सेटल्ड' असं दिसतं, 'बंद' असं नाही, आणि पुढचं कर्ज मागताना ते आड येतं. पूर्ण फेड असो की तडजोड, बेबाकी दाखला मात्र दोन्ही वेळा मागून घ्यावा. जमीन तारण असेल तर तो दाखला तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा उतरवून घ्यावा लागतो. दाखला घरात पडून राहिला तर बोजा तसाच राहतो आणि विक्रीच्या वेळी खरेदीदार तिथेच अडतो.