पालकसभेत भाषणाऐवजी काय ठेवावे?

खडूफळा :
जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत मी पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळते. पालकसभा वेळेवर होतात, वहीत सह्याही होतात. परंतु गेल्या सभेत पाहुण्यांनी संस्कारांवर पाऊण तास भाषण केले, तेव्हा मागच्या रांगेतील तीन आया मांडीवरची बाळे थोपटत बसल्या होत्या. बहुतेक पालक कापूस वेचणीच्या मजुरीवर जातात. घरचे वाचन, मोबाइल आणि मारल्याविना शिस्त हे तीनच विषय यंदा घ्यायचे ठरवले आहे. त्यांची आखणी कशी करावी?

जुनीघंटा :
मॅडम, आधी वेळ बदला. वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराची सभा ठेवणे म्हणजे पालकांना त्या दिवसाचा रोज बुडवायला सांगणे होय. आम्ही संध्याकाळी साडेसातला वस्तीवरच्या पारावर बसतो. पहिल्या बैठकीत मी मूग, मटकी आणि हरभरा एका परातीत मिसळून मुलांना निवडायला दिले आणि 'जास्त कोणते, कमी कोणते' हे विचारायचे काम आयांवर सोपवले. एका आजींनी मुठीत हरभरे लपवून 'एकी की बेकी' सुरू केले, आणि सम-विषम संख्यांचा जो पाठ मला दुसरीत आठवडाभर पुरतो, तो तिथे दहा मिनिटांत उरकला! ज्या आईला वाचता येत नाही तिला 'अभ्यास घ्या' म्हटले की ती खजील होते. 'पोराकडून गोष्ट वाचून घ्या आणि शेवटी काय झाले ते विचारा' असे सांगितले की तिला ते जमते. २०२२ च्या शाळापूर्व तयारी अभियानातील माता-पालक गट आपल्या गावात असतील, तर नवा गट न काढता त्यांनाच हाताशी धरावे.

समितीसदस्य :
विषय शिक्षकांनीच ठरवले, हे मला खटकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात; त्यांना आधी विचारायला हवे होते. शिवाय त्याच कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला मनाई केलेली आहे, तेव्हा वर्गातल्या टेबलावर छडी ठेवून पालकांना शिस्तीचे धडे देऊ नयेत. आणखी एक विनंती अशी की, कोणाचे मूल मागे आहे हे चारचौघांत बोलू नका. माझ्या मुलाच्या शाळेत गुण मोठ्याने वाचून दाखवले गेले, त्यानंतर माझी पत्नी एकाही सभेला गेली नाही.

खडूफळा :
समितीला न विचारणे ही आमची चूकच झाली. विषय पुढच्या बैठकीत पुन्हा मांडते. पाराची कल्पना पटली. आमच्याकडे गुरुवारी बाजार असल्याने मजुरीला सुट्टी असते, म्हणून पहिली बैठक त्याच संध्याकाळी घेऊन पाहीन. मात्र बाजाराच्या दिवशी वडीलमंडळी कितपत हाती लागतील, याची शंकाच आहे.