बाबांची इम्युनोथेरपी पुढच्या आठवड्यात: टीबीच्या औषधांनी पोटातले चांगले जिवाणू गेले असतील का?

नौपाड्याची_लेक | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे फक्त वाचत आले, आज पहिल्यांदाच लिहितेय.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. बाबा ६८ वर्षांचे. वागळे इस्टेटमधल्या रंगाच्या कारखान्यात ३१ वर्षं नोकरी केली, सिगारेट २००९ मध्ये सोडली ती कायमची. मार्चमध्ये खोकला लागला. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग दिसला. थुंकीत काही सापडलं नाही, तरी आमच्या जवळच्या डॉक्टरांनी टीबीची औषधं चालू केली. चार महिने. रोज सकाळी उपाशीपोटी चार गोळ्या एकदम, आणि त्याआधी पोटातलं आम्ल कमी करणारं पॅन्टोप्रॅझोल, कारण टीबीच्या गोळ्यांनी पोटात जळजळतं. पाकिटातून गोळ्या काढून वाटीत मी ठेवायचे. लघवी केशरी झाली की बाबा म्हणायचे, औषध लागू पडतंय. वजन मात्र ६४ वरून ५५ वर आलं. शेवटी मीच हट्ट धरून सीटी करायला लावला. बायोप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा म्हणजे फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, चौथी स्टेज.

ईजीएफआर आणि एएलके (ट्यूमरच्या जनुकांतले बदल, ज्यांवर वेगळ्या गोळ्या असतात) निगेटिव्ह, पीडी-एल१ (ट्यूमरवरचं एक प्रथिन, ते जास्त असलं की इम्युनोथेरपी लागू पडायची शक्यता वाढते) ६० टक्के. त्यामुळे केमो न देता नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारं इम्युनोथेरपीचं औषध, दर २१ दिवसांनी. पहिला डोस पुढच्या बुधवारी आहे.

इम्युनोथेरपीच्या आधी अँटिबायोटिक घेतलं तर आतड्यातले जिवाणू मरतात आणि औषधाचा असर कमी होतो, असं वाचलं. टीबीच्या गोळ्यांमधलं रिफॅम्पिसिन अँटिबायोटिकच ना? ते बंद होऊन सहा आठवडे झालेत. त्यात परवापासून बाबांची दाढ सुजली आहे. केमिस्टने पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं आणि सोबत ‘पोटासाठी’ म्हणून प्रोबायोटिकच्या, म्हणजे ‘चांगल्या’ जिवाणूंच्या, कॅप्सूल. दोन्ही पाकिटं अजून फोडलेली नाहीत, टेबलावर आहेत. काय करू? चार महिने त्या गोळ्या माझ्या हाताने दिल्यात, हे डोक्यातून जात नाही.

मीनल_घणसोली | बुधवार, सकाळी ७.१५

ताई, ते टीबीचं ओझं आधी खाली ठेवा. टीबी इतका पसरलेल्या आपल्या देशात फुप्फुसाच्या कॅन्सरला आधी टीबी समजलं जाणं फार घडतं. तुम्ही डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध दिलंत. आणि सीटीचा हट्टही तुम्हीच धरलात.

मी महापेला एका लॅबमध्ये १४ वर्षं मायक्रोबायोलॉजीत आहे. डॉक्टर नाही. पण हा विषय मी जवळून वाचते, म्हणून सविस्तर लिहितेय.

आतड्यातले जिवाणू फुप्फुसात जाऊन कॅन्सर मारत नाहीत. आपल्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीपाशी असतो, आणि तिथल्या जिवाणूंच्या सहवासात त्या पेशी तरबेज होतात. त्यातल्या टी-पेशींवर, म्हणजे कॅन्सर मारणाऱ्या पेशींवर, पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. ट्यूमर तोच दाबून धरतो आणि पेम्ब्रोलिझुमॅब तो सोडवतं. (या ब्रेकांच्या शोधासाठी होन्जो आणि अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं.) पण ब्रेक सुटल्यावर गाडी पळायला इंजिन तर हवं! ते इंजिन किती तयारीचं आहे, यात आतड्याचा हात असतो.

पॅरिसच्या संशोधकांनी २०१८ मध्ये फुप्फुस, मूत्रपिंड आणि मूत्रमार्गाच्या कॅन्सरचे २४९ रुग्ण तपासले. त्यातल्या ६९ जणांनी इम्युनोथेरपीच्या आगेमागे अँटिबायोटिक घेतलं होतं. त्यांचा आजार लवकर वाढला. मग ज्यांना औषध लागू पडलं त्यांची विष्ठा जंतुविरहित उंदरांना दिली, तर त्या उंदरांनाही औषध लागू पडलं. ज्यांना लागू पडलं त्यांच्यात अ‍ॅकरमॅन्सिया म्युसिनिफिला हा जिवाणू जास्त होता. आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतो आणि तोच थर खातो.

आता तुमच्या सहा आठवड्यांचं. लंडनच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये १९६ रुग्णांवर पाहिलं, की उपचारापूर्वीच्या ३० दिवसांत अँटिबायोटिक झालेल्यांची तब्येत जास्त ढासळली. उपचार चालू असताना ज्यांना दिलं, त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. बाबांचं रिफॅम्पिसिन त्या ३० दिवसांच्या बाहेर आहे. शिवाय, ज्यांना अँटिबायोटिक लागतं ते बरेचदा मुळातच जास्त आजारी असतात, त्यामुळे सगळा दोष औषधाच्या माथी मारता येत नाही.

म्हणून दाढेचं: केमिस्टचं पाकीट स्वतःहून सुरूही करू नका आणि भीतीपोटी टाळूही नका. दाढेत पू असेल तर ते इन्फेक्शन या वयात, ५५ किलो वजनात, जिवाणूंच्या काळजीपेक्षा खूप मोठं. आजच डेंटिस्टला दाखवा आणि त्यांना ऑन्कॉलॉजिस्टशी (कॅन्सरच्या डॉक्टरांशी) फोनवर बोलायला सांगा.

आणि एक विचारते. ते पॅन्टोप्रॅझोल अजून चालू आहे का?

नौपाड्याची_लेक | बुधवार, सकाळी ७.५०

हो. अजून देतेय. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या, हे बंद करा असं कोणी सांगितलंच नाही. प्रत्येक नव्या कागदावर आधीच्या कागदावरून उतरत आलंय.

मीनल_घणसोली | बुधवार, सकाळी ८.०५

तेच वाटलं. पोटातलं आम्ल कमी झालं की तोंडातले जिवाणू खाली आतड्यात जाऊन मुक्काम करतात. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या इम्युनोथेरपीत या गोळ्या घेणाऱ्यांचे निकाल कमी चांगले दिसलेत. बाबांना अल्सर किंवा दुसरं कारण नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, ही कशासाठी आहे. त्यांना विचारूनच बंद करा.

प्रोबायोटिक मात्र नको, असं माझं स्पष्ट मत. अमेरिकेत २०२१ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या १२८ रुग्णांच्या आहाराची नोंद तपासली. रोज २० ग्रॅम किंवा जास्त तंतू (फायबर) खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. त्याच कामात उंदरांना बाजारातलं प्रोबायोटिक दिलं, तर इम्युनोथेरपीचा असर उलट कमी झाला. मेलानोमा म्हणजे फुप्फुसाचा कॅन्सर नव्हे, हे खरं. पण २०२२ मध्ये फुप्फुसाच्या ३३८ रुग्णांतही दिसलं की अ‍ॅकरमॅन्सिया असलेल्यांना फायदा झाला, आणि तो फार जास्त असलेल्यांचे निकाल पुन्हा वाईट. म्हणजे ‘चांगला’ जिवाणू ओतत राहावा असं नाही. एकाच जातीचे कोट्यवधी जिवाणू सोडण्यापेक्षा जे आहेत त्यांना खाऊ घाला.

सुलभाकाकू_पाचपाखाडी | बुधवार, दुपारी २.३०

बाळा, खाण्याचं मी सांगते. ४० वर्षं स्वयंपाकघर आणि त्यातली १२ वर्षं यजमानांचं पथ्य सांभाळलंय. मीनल म्हणते ते २० ग्रॅम अवघड नाही. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण ५ ग्रॅम येतात. मध्यम पेरूत ५ च्या वर. वाटीभर मटकीची किंवा मसुराची उसळ. जांभळी नाक्याला पेरू चांगला मिळतो, पण आता दाढ दुखतेय तर नुसता चावायला देऊ नकोस, शिजवून कोशिंबिरीसारखा दे. भाकरी दुधात कुस्करायची. मोड आलेलं कडधान्य कच्चं नको, शिजवूनच. एकदम वाढवलंस तर गॅस होईल आणि जेवणच टाकतील. आधी एक भाकरी, चार दिवसांनी उसळ. वजन उतरलेल्या माणसाला पोटभर जेवण आधी, तंतू नंतर.

घरचं ताजं दही चालतं का, तेवढं डॉक्टरांना विचार. आमच्याकडे पांढऱ्या पेशी उतरल्या की बंद करायला सांगायचे.

ऐरोलीकर | बुधवार, रात्री १०.१०

माझ्या पत्नीला हेच औषध दोन वर्षं चाललं. आम्ही ट्रान्सहार्बरने जायचो, तिला ऐरोलीत बसायला जागा मिळावी म्हणून नऊनंतरची गाडी.

पोटाचा विषय निघालाच आहे म्हणून, ताई, हे विसरू नका. इम्युनोथेरपीत जुलाब लागले तर ‘पोट बिघडलं’ म्हणून इसबगोल, दहीभात, दुकानातली गोळी यावर दोन दिवस काढू नका. सुटलेली प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटू शकते. आमच्याकडे सातव्या डोसनंतर असंच झालं. मी एक दिवस थांबलो, मला वाटलं बाहेरच्या पाण्याने असेल. रात्री तिला उठून उभंही राहता येईना. स्टेरॉइड सुरू केल्यावर आटोक्यात आलं. नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जावं लागलं, किंवा रक्त दिसलं, तर त्याच क्षणी फोन करा. पहिल्याच दिवशी वॉर्डचा रात्रीचा नंबर मागून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

नौपाड्याची_लेक | पुढच्या आठवड्यात, शुक्रवार, रात्री ९.२०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. डेंटिस्टने दाढेत पू आहे म्हणून सांगितलं. दोन्ही डॉक्टर बोलले. अँटिबायोटिक पाच दिवस दिलं, पण वेगळं, केमिस्टचं नाही. दाढ काढली आणि पहिला डोस दहा दिवस पुढे ढकलला. ३० दिवसांचं मी विचारलं, तेव्हा ऑन्कॉलॉजिस्ट म्हणाले, पू ठेवून मी हे औषध सुरू करणार नाही, आणि महिनाभर ट्यूमरला मोकळंही सोडणार नाही. मला पटलं.

पॅन्टोप्रॅझोल कशासाठी, हे त्यांनी तीन कागद उलटून पाहिलं. कारण सापडलं नाही. बंद केलं. कॅप्सूलचं पाकीट मी परत करून आले.

काकू, भाकरी दुधात कुस्करून दिली. आज पहिल्यांदा बाबांनी अर्धी अजून मागितली. वजन ५५ किलो ४०० ग्रॅम. ऐरोलीकर काका, नंबर फ्रिजवर लावलाय, बाबांच्या उंचीला.