केगेल नको, आधी सैल सोडायला शिका

वर एका ताईंनी लिहिलंय की व्हजायनिस्मसला (संबंधाच्या किंवा तपासणीच्या वेळी योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जाऊन दुखतं, तो त्रास) रोज केगेल करा, महिन्याभरात फरक पडेल. भीती हळूहळू काढावी लागते हे त्यांचं अगदी पटलं, पण केगेल प्लीज कुणी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. केगेल म्हणजे पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी योनीभोवती असलेले स्नायू आवळायचे, आणि आपला त्रासच मुळी ते स्नायू आपल्याला न विचारता आवळले जातात हा आहे ना, मी दोन महिने केले आणि दुखणं उलट वाढलं. नंतर गंगापूर रोडला एक फिजिओथेरपिस्ट मॅडम मिळाल्या, त्यांनी आधी सैल सोडायला शिकवलं. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, हात पोटावर, श्वास आत घेताना पोट फुगतं तेव्हा खालचे स्नायूही अलगद सैल पडतात, तिकडे लक्ष द्यायचं. पंधरा दिवस फक्त एवढंच.

मग डायलेटर, म्हणजे स्नायूंना सवय व्हावी म्हणून योनीत अलगद घालायची गुळगुळीत कांडी, त्यातला सगळ्यात लहान, करंगळीएवढा, भरपूर जेल लावून दहा मिनिटं. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की मी कडी लावून घ्यायचे, पहिल्या दिवशी नुसता हातात धरूनच रडले. दुखलं की थांबायचं, रेटायचं नाही, कारण दुखून केलं की स्नायू पुढच्या वेळी आधीच आवळतात. त्याआधी एका डॉक्टरांनी 'एक मूल झालं की होईल नीट' म्हणून परत पाठवलं होतं, त्यात माझं अख्खं वर्ष गेलं. आणि जळजळ, खाज असेल तर इन्फेक्शन नाही ना हे गायनॅककडे आधी बघून घ्या, तपासताना दुखलं तर 'थांबा' म्हणा, तो आपला हक्क आहे.